आठ बिटांचा निरोप

लिनक्सवरचा प्रोग्रॅम महिनोन्महिने चालेल, लाखो लोकांची कामं करेल. पण संपताना त्याला फक्त एक आकडा मागे ठेवता येतो, ० ते २५५ मधला. आठ बिट, बस्स! समजा, एखाद्याने आपल्या २५६ चुका मोजल्या आणि तोच आकडा प्रामाणिकपणे कळवला, तर? नववा बिट गळून पडतो, पोहोचतं शून्य. आणि शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. निर्दोष मुक्तता!

चालू प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. हा आकडा घ्यायचा असतो तिच्या जन्मदात्या प्रोसेसने. तिने विचारपूस करेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेलेल्या प्रोसेसची नोंद पुसत नाही. अशा अधांतरी नोंदीला झॉम्बी म्हणतात, आणि हे नाव अधिकृत कागदपत्रांतही आहे. जन्मदाती आधीच गेली असेल, तर त्या पोरक्या प्रोसेसला बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. आज बहुतेक लिनक्सवर ती जागा सिस्टमडीची आहे. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेला हा सर्व्हिस मॅनेजर. कोण मेलं, का मेलं आणि त्याला पुन्हा उठवायचं का, हे तो ठरवतो. कशावरून? मुख्यतः त्या आकड्यावरून.

पण आकड्याचा अर्थ लावायचा कसा? शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश, हा ढोबळ नियम. पण फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या ग्रेपला विचारा. शोधलेला शब्द सापडला तर तो ० देतो, सापडला नाही तर १, आणि खरोखरच गडबड झाली तर २. शब्द फाइलमध्ये नसणं हे अपयश कसं? बर्कली विद्यापीठात १९८० च्या सुमारास एरिक ऑलमन यांनी ६४ पासून पुढच्या काही आकड्यांना ठरावीक अर्थ दिले. ७५ म्हणजे ‘तात्पुरती अडचण’, ७८ म्हणजे ‘सेटिंग चुकलंय’. कल्पना झकास होती, पण ती पाळणारे प्रोग्रॅम थोडेच.

आपल्या तारखात्यात शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना क्रमांक असत. तारेतून नुसता क्रमांक जाई आणि पलीकडचा कारकून यादी बघून अख्खं वाक्य लिहून देई. इथेही नुसता क्रमांकच येतो. फरक इतकाच, की इथे प्रत्येक प्रोग्रॅमची यादी वेगळी आणि कारकून एकच! मग सिस्टमडीने काय केलं? कोणते आकडे यश मानायचे, त्या यादीत भर घालायची मुभा सेटिंगच्या फाइलमधून तुम्हालाच दिली.

ती मुभा किती मोलाची, हे कळतं जावा या भाषेतल्या प्रोग्रॅममुळे. सर्व्हिस थांबवताना सिस्टमडी सहसा सिगटर्म हा सिग्नल पाठवतो, क्रमांक १५. साधा प्रोग्रॅम त्या सिग्नलनेच मरतो. कोणत्या सिग्नलने मरण आलं याची नोंद कर्नल वेगळ्या बिटांत ठेवतो. सिस्टमडी ती वाचतो आणि असं मरण नेहमीच्या सर्व्हिसच्या बाबतीत स्वच्छ मानतो. जावाचे प्रोग्रॅम चालवणारं आभासी यंत्र मात्र तो सिग्नल झेलतं, आवराआवर करतं आणि मग आपल्या पायांनी बाहेर पडतं, १४३ हा आकडा ठेवून. का १४३? १२८ अधिक १५. सिग्नलने मेलेल्यांसाठी शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, वापरतो तीच ही रीत. जावाला सांगायचं असतं, ‘मला १५ ने थांबवलं’. कर्नलच्या दप्तरी लागतं, ‘स्वतःहून गेला, आकडा १४३’. तुम्ही शांतपणे थांब म्हणालात, तो शांतपणे थांबला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘फेल्ड’!

उपाय एका ओळीचा: सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ समोर १४३ लिहायचं. जावाच्या प्रोग्रॅमचा एक बाइटही न बदलता त्याच्या मरणाचा अर्थ बदलतो. (सगळे लाल शिक्के घालवायच्या नादात कुणी इथे १ सुद्धा लिहितं. तसं मुळीच करू नये. न हाताळलेली चूक झाली की जावा बहुधा १ वरच कोसळतो, आणि मग खरी पडझडही यशाच्या खाती जमा होते.)

दुसरी एक ओळ पुनर्जन्म रोखते. डेबियन या लिनक्सवर एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सर्व्हिस अपयशानंतर पुन्हा उठवली जाते, पण २५५ आला तर नाही. सेटिंगमध्ये चूक असेल तर एसएसएच हाच आकडा देऊन बाहेर पडतो. मग शंभरदा उठवून ती चूक सुधारणार थोडीच?

सगळ्यात गंमत सिंकथिंगची. दोन संगणकांवरच्या फायली जुळत्या ठेवणारा हा प्रोग्रॅम मुद्दाम मरतो! ३ म्हणजे ‘मला नव्याने सुरू करा’, ४ म्हणजे ‘मी माझी नवी आवृत्ती आणून ठेवली आहे, आता तिला उठवा’. त्याच्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये हे दोन आकडे दोनदा येतात: एकदा यशाच्या यादीत, एकदा ‘काहीही झालं तरी पुन्हा सुरू करा’ या यादीत. पहिली यादी लिहून दुसरी विसरलात तर? फक्त अपयशानंतर उठवायचं, असं त्या सर्व्हिसचं धोरण आहे. सिस्टमडी ४ बघेल, काम फत्ते झालं असं मानेल आणि गप्प बसेल. नवी आवृत्ती डिस्कवर तयार, आणि तिला सुरू करणारं कुणीच नाही.