पोटखराब्यातला हत्ती

कोकणातला सडा म्हणजे मे महिन्यात तव्यासारखा तापणारा जांभ्याचा कातळ. नांगर चालत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या अशाच सड्यावर एक हत्ती कोरलाय. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. एसटीच्या दीड गाड्या एकापुढे एक लावा, एवढा! बरं, त्याच्या अंगातच आणखी कितीतरी प्राणी, पाण्यातले नि जमिनीवरचेही. हत्तीच्या पोटात मासे कशाला? कोरणाऱ्यालाच ठाऊक.

अशी कातळशिल्पं कोकणात हजाराहून जास्त सापडलीत. मुशी, पाकट, कासव ठीक. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण गेंडा? आणि पाणघोडा? तो तर आज भारतातल्या कुठल्याच जंगलात नाही! न बघता कोरला म्हणावं, तर आकार भलताच ओळखू येतो.

वय विचाराल तर वाद. दगडात खोदलेल्या रेघेला कार्बन चाचणी लागू पडत नाही. मात्र चित्रांत शिकार आहे, मासे आहेत, शेतीचा मागमूस नाही. त्यावरून काही अभ्यासक ही शिल्पं इसवी सनपूर्व १०,००० च्या आसपासची मानतात.

रत्नागिरी जिल्ह्यातच बारसूला एक माणूस दोन वाघांच्या मधोमध उभा आहे. असाच गडी सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरही दिसतो. नातं जोडायचा मोह आवरा. देवाचे गोठणे इथे तर होकायंत्रच भांबावतं, काटा भलतीकडेच वळतो. आणि गोव्यात कुशावतीकाठी, पणसायमळला, कातळावर चक्क गोल भुलभुलैया. जगाला तो १९९३मध्ये कळला, गावकऱ्यांना आधीपासून माहीत होता.

रत्नागिरीकडेही तेच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही निसर्गवेडी मंडळी सडे तुडवत, गावोगाव विचारत फिरली, तेव्हा वाट दाखवायला गुराखी होतेच.

२०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं लागली: रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं पणसायमळ. तात्पुरती यादी म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, एवढंच. निकाल लांब आहे. तोवर धोका घरचाच. बरीचशी शिल्पं खासगी जमिनीत, आणि घराला चिरा हवा तर चिरेखाण सड्यावरच पडणार. आंब्याच्या कलमांना खड्डे लागतात, रस्त्याला जागा लागते. वर आपल्यासारखे हौशी पाहुणे, फोटो उठून दिसावा म्हणून रेघांत खडू भरणारे!

उक्षीच्या गावकऱ्यांनी मात्र कुणाच्या यादीची वाट पाहिली नाही. आपल्या सड्यावर कोरलेल्या हत्तीभोवती त्यांनी कठडा बांधून घेतला. जांभ्याच्या चिऱ्यांचाच.