सांतोरिनीच्या रांजणातली डाळ

सांतोरिनी म्हटले की निळे घुमट आणि सूर्यास्ताची छायाचित्रे आठवतात. एजियन समुद्रातले हे ग्रीक बेट समजून घ्यायचे, तर सुरुवात मात्र तिथल्या ‘फावा’पासून करावी. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचे घोटलेले दाट वरण. वर ऑलिव्हचे तेल, चिरलेला कांदा आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या. नाव फसवे आहे, कारण फावा बीन या शेंगेची ही डाळ नव्हे. ती लॅथायरस क्लायमेनम या वनस्पतीची. विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीणच.

इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास इथल्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. बेटाचा मधला भाग खचला आणि अक्रोतिरी हे भरभराटीचे बंदर राखेखाली गाडले गेले. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७मध्ये तिथे उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची गटारे, भिंतींवर माकडे आणि हातात माशांचे घोस धरलेला कोळ्याचा पोर असे बरेच काही निघाले. उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. रहिवासी आधीच निघून गेले असावेत. मागे साठवणीच्या रांजणांत राहिले ते याच डाळीचे दाणे. गर्दी भित्तिचित्रांसाठी होते, पण मला हे दाणे अधिक बोलके वाटतात. त्या घरांतली भाषा आणि देव गेले, पीक राहिले.

पेरिसा आणि कामारीचे काळे किनारे, अक्रोतिरीजवळचा तांबडा किनारा ही त्याच ज्वालामुखीची देणगी. पाऊस तुटपुंजा, नद्या नाहीतच. पण सच्छिद्र प्युमिस रात्रीचा दमटपणा धरून ठेवतो. वाऱ्यापासून बचाव म्हणून द्राक्षवेली मांडवावर न चढवता जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात आणि घड त्या टोपलीत धरतात. आपल्या नाशिकचा बागायतदार पाहतच राहील!

९ जुलै १९५६च्या भूकंपात असंख्य घरे कोसळली, अनेकांनी अथेन्स गाठले. पुढे पर्यटक आले आणि डोंगरात कोरलेल्या रिकाम्या घरांची हॉटेले झाली. तिथवर ठीक होते. आता हॉटेले शेतांत शिरली आहेत. डाळीला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, पण शेत विकायला निघालेल्याला ते अडवू शकत नाही. इथली डाळ थोडी आणि महाग, म्हणून स्वस्त पिवळा वाटाणाही त्याच नावाने खपतो. खानावळीत फावा मागवताना डाळ बेटावरची का, हे जरूर विचारावे. शिळी फावा कांदा-टोमॅटोत परतली की तिला तिथे ‘लग्न झालेली फावा’ म्हणतात. मिळाली तर सोडू नये.