विश्लेषण : हौशी गोल्फपटूंना फेअरवे वूड का छळतो? कोकणच्या पावसात ‘तीन नंबर’पेक्षा ‘पाच नंबर’ का सरस ठरतो?

रायगड जिल्ह्यात गोल्फ खेळायचा तर बहुतेकांची पावले खारघरकडे वळतात. डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कला लागून सिडकोने उभारलेल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्समुळे नवी मुंबई आणि पनवेल परिसरातील नोकरदार, व्यावसायिक आणि निवृत्त मंडळींना हा खेळ जवळ आला. मात्र, हौस म्हणून खेळणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत एक क्लब असा असतो, जो घेताना मोठ्या उत्साहाने घेतला जातो आणि नंतर मैदानावर बाहेर काढायची धास्ती वाटते. तो म्हणजे फेअरवे वूड, त्यातही तीन नंबरचा. नव्या, नामांकित कंपनीच्या फेअरवे वूडची किंमत सहज वीस-तीस हजार रुपयांच्या घरात जाते. तो हातात बसत नाही, याचे खापर अनेक जण स्वतःच्या खेळावर फोडतात. वस्तुतः बऱ्याचदा चूक निवडीची असते.

फेअरवे वूड म्हणजे काय?

गोल्फच्या नियमांनुसार एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. त्यांपैकी सर्वात लांब दांड्याचा आणि मोठ्या डोक्याचा तो ड्रायव्हर. प्रत्येक होलचा पहिला फटका मारताना चेंडू ‘टी’वर, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवता येतो आणि ड्रायव्हर त्यासाठीच असतो. पुढचे फटके मात्र चेंडू जिथे पडला असेल तिथूनच मारावे लागतात. कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरून, अर्थात फेअरवेवरून, लांबचा फटका मारण्यासाठी बनवलेला क्लब म्हणजे फेअरवे वूड. त्याचे डोके ड्रायव्हरपेक्षा लहान, तळ रुंद आणि दांडा थोडा आखूड असतो.

या क्लबांना क्रमांक असतात आणि क्रमांकानुसार ‘लॉफ्ट’ बदलतो. लॉफ्ट म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाचा मागे कललेला कोन. तीन नंबरच्या वूडचा लॉफ्ट साधारण १५ अंश, पाच नंबरचा १८, सात नंबरचा २१ आणि नऊ नंबरचा २४ अंशांच्या आसपास असतो. कंपनीनुसार त्यात एखाददुसऱ्या अंशाचा फरक पडतो. क्रमांक वाढतो तसा चेंडू अधिक उंच जातो आणि दांडा किंचित आखूड होतो.

लाकूड नाही, तरी नाव ‘वूड’ कसे?

कारण एकेकाळी हे क्लब खरोखरच लाकडाचे होते. आधी बीच आणि नंतर अमेरिकेतील पर्सिमन झाडाचे टणक लाकूड त्यासाठी वापरले जाई. आपल्याकडे ज्याच्या पानांत विडी वळतात, ती टेंभुर्णी या पर्सिमनच्याच कुळातली. तेव्हा क्लबांना क्रमांकांऐवजी नावे होती. तळाला पितळी पट्टी असलेला तो ‘ब्रासी’, तर आजच्या तीन नंबरच्या जागी ‘स्पून’.

१९७९ मध्ये गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड कंपनी सुरू केली आणि पोलादी डोक्याचा ‘वूड’ बाजारात आणला. पोलादाच्या शहरावरून त्याला गमतीने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटले गेले. पुढच्या दीड दशकात लाकडी क्लब जवळपास हद्दपार झाले. १९९३ मध्ये बर्नहार्ड लँगरने मास्टर्स स्पर्धा जिंकली, ती लाकडी ड्रायव्हरने जिंकलेली शेवटची प्रमुख स्पर्धा मानली जाते. लाकूड गेले, नाव राहिले.

हौशी खेळाडूलाच त्याची गरज जास्त का?

समजा, ४०० यार्डांचा ‘पार फोर’ होल आहे. अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हरचा फटका सरासरी ३०० यार्डांच्या आसपास जातो. त्यांना उरतात १०० यार्ड आणि तेवढ्यासाठी आखूड दांड्याचा वेज पुरतो. ब्रिटनमधील क्लब पातळीवरच्या पुरुष खेळाडूंच्या मोजणीत हीच सरासरी २१५ यार्डांच्या जवळपास आढळली. म्हणजे त्यांना उरतात सुमारे १८५ यार्ड.

शनिवार-रविवारी खेळणाऱ्या माणसासाठी १८५ यार्ड हे लांब लोखंडी क्लबचे अंतर नाही, ते फेअरवे वूडचे अंतर आहे. व्यावसायिक खेळाडू हा क्लब एका फेरीत मोजक्या वेळा वापरतो. हौशी खेळाडूवर मात्र पार फोर, पार फाइव्ह करत अनेकदा तो वापरण्याची वेळ येते. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, त्याच्याच हातून तो सर्वाधिक चुकतो, हा यातला खरा पेच.

लांब फटक्यांसाठी न ओळखली जाणारी खेळाडूही कुठवर जाऊ शकते, हे अदिती अशोकने २०२१ मध्ये टोक्यो ऑलिम्पिकमध्ये दाखवले. तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडू स्पर्धेत होत्या. लांबच्या अंतरावरून वूड आणि हायब्रिडने गाठलेली ग्रीन आणि अचूक पटिंग यांच्या बळावर ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

नेमके चुकते कुठे?

हौशी खेळाडूंच्या तक्रारी साधारण तीन असतात. पहिली, चेंडू उडतच नाही, जमिनीवरून सरपटत जातो. याला ‘टॉप’ म्हणतात. दुसरी, क्लब चेंडूच्या आधीच जमिनीला लागतो आणि चेंडू जेमतेम काही यार्ड जातो. ही ‘फॅट’. तिसरी, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. हा ‘स्लाइस’.

पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. ड्रायव्हरने खुंटीवरचा चेंडू किंचित वर जाणाऱ्या फटक्याने मारायचा असतो. जमिनीवरच्या चेंडूला तसे करून चालत नाही. तिथे क्लब हलका खाली येत असतानाच चेंडूला भिडला पाहिजे आणि त्यानंतर गवताला घासून गेला पाहिजे. पण तीन नंबरचा फेस जवळजवळ उभा दिसतो. ‘हा चेंडू उचलणार कसा’, या शंकेने खेळाडू नकळत मागच्या पायावर रेलतो आणि चेंडू खालून उचलू पाहतो. मग क्लब एक तर आधी जमिनीत जातो, नाही तर वर येताना चेंडूच्या डोक्यावर लागतो. त्यात दांडा सुमारे ४३ इंच लांब. दांडा जितका लांब, तितका नेमका मध्यावर फटका बसणे कठीण.

कमी लॉफ्टचा क्लब जास्त लांब मारत नाही?

मारतो, पण पुरेसा वेग असेल तरच. चेंडू हवेत टिकतो तो त्याच्या वेगामुळे आणि मागे फिरणाऱ्या गिरकीमुळे, अर्थात बॅकस्पिनमुळे. या गिरकीमुळे त्याला वर उचलणारे बल मिळते. वेगवान खेळाडूला १५ अंशांतही पुरेशी उंची आणि गिरकी मिळते. मध्यम किंवा कमी वेगाच्या खेळाडूचा चेंडू मात्र खालून निघतो, गिरकी कमी पडते आणि तो लवकर जमिनीवर येतो. अशा खेळाडूचा पाच नंबरचा वूड हवेतून तीन नंबरइतकाच, कधी कधी त्याहून लांब जातो. शिवाय तो उंचावरून पडत असल्याने ग्रीनवर थांबण्याची शक्यताही अधिक.

गोल्फच्या इतिहासातील एका गाजलेल्या फटक्यातही हाच विचार दिसतो. १९३५ मध्ये ऑगस्टा येथे जीन सॅराझेन तीन फटक्यांनी मागे होता. पंधराव्या होलवर २३५ यार्ड उरले होते आणि चेंडू गवतात नीट बसलेला नव्हता. त्याने तीन नंबर सोडून चार नंबरचा वूड घेतला. चेंडू थेट होलमध्ये गेला आणि त्या एका फटक्यात पिछाडी भरून निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने प्लेऑफ जिंकला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव होते क्रेग वूड.

कोकणच्या पावसाळ्यात काय बदलते?

रायगडमध्ये वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एप्रिल-मे महिन्यांत तापून टणक झालेल्या जमिनीवर चेंडू पडल्यावरही बराच घरंगळतो. तीन नंबरचा खालून गेलेला फटका तेव्हा खपून जातो. हवेत कमी पडलेले अंतर जमीन भरून देते. पावसाळ्यात हीच सवलत संपते. ओल्या, मऊ जमिनीवर चेंडू पडतो तिथेच रुततो किंवा थांबतो. म्हणजे हवेतून जेवढे अंतर कापले, तेवढीच कमाई.

मऊ जमिनीवर फॅट फटक्याची शिक्षाही वाढते. चेंडूच्या आधी क्लब जमिनीला लागला, तर फटक्यातील जोर चिखलातच जातो. या बाबतीत वूडचा रुंद तळ लोखंडी क्लबपेक्षा उजवा. लोखंडी क्लबची कड मातीत शिरते, वूडचा तळ गवतावरून घसरत पुढे जातो. फायदा मात्र लॉफ्ट पुरेसा असेल तरच. वाढलेल्या ओल्या गवतात, अर्थात रफमध्ये चेंडू बसला असेल, तर तीन नंबरचा मोह टाळलेलाच बरा. तिथे सात नंबरही धोक्याचा वाटला, तर आखूड क्लबने चेंडू फेअरवेवर आणणे शहाणपणाचे.

दमट हवेत चेंडू कमी जातो का?

किनारपट्टीवर हा समज पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. त्यामुळे तापमान आणि दाब तेच असताना दमट हवा किंचित विरळच असते. अंतर घटते ते ओल्या गवतामुळे, न घरंगळणाऱ्या चेंडूमुळे आणि समोरच्या वाऱ्यामुळे. चेंडू आणि फेस यांच्यामध्ये पाणी आले की गिरकी कमी होते, हा आणखी एक भाग. कमी लॉफ्टच्या क्लबला ते अधिक महागात पडते. म्हणून कोरडा टॉवेल आणि फेस पुसण्याची सवय ही पावसाळ्यातली सर्वात स्वस्त सुधारणा.

उंचीचा परिणाम मात्र खरा. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा विरळ असल्याने चेंडू साधारण दोन टक्के लांब जातो. पुण्यात २०० यार्ड जाणारा फटका घाटाखाली चार यार्डांनी कमी पडला, तर तो बिघाड नव्हे.

पावसाळी मैदानावर नियम कोणती मुभा देतात?

मैदानावर साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात चेंडू असेल किंवा उभे राहताना पायाखाली पाणी दिसत असेल, तर दंडाशिवाय चेंडू बाजूला घेता येतो. पडल्या जागीच स्वतःच्या खळग्यात रुतलेला चेंडूही सर्वसाधारण क्षेत्रात विनादंड उचलून, पुसून, त्या खळग्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या अंतरात टाकता येतो. नुसता चिखल चिकटला म्हणून मात्र चेंडू उचलता येत नाही. त्यासाठी आयोजकांनी तसा स्थानिक नियम लागू केलेला असावा लागतो.

विजांच्या बाबतीत खेळाडूला थेट अधिकार आहे. धोका वाटला तर आयोजकांच्या सूचनेची वाट न पाहता खेळ थांबवता येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात मोकळ्या मैदानावर हातात धातूची काठी घेऊन उभे राहणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा.

हायब्रिड घेतला तर?

वूड आणि लोखंडी क्लब यांचा मेळ घालणारा हायब्रिड २००० नंतर लोकप्रिय झाला. २००९ मध्ये यांग योंग-उन याने पीजीए चॅम्पियनशिपच्या अखेरच्या होलवर दोनशे यार्डांहून लांबून हायब्रिडनेच ग्रीन गाठली आणि टायगर वूड्सला हरवले. आखूड दांड्यामुळे हायब्रिड सांभाळायला सोपा आणि रफमधून अधिक उपयोगी. मात्र तेवढ्याच लॉफ्टचा वूड साधारणपणे चेंडू अधिक उंच उडवतो. मऊ फेअरवेवरून खेळायचे असेल तर सात नंबरचा वूड आणि गवतातून सुटायचे असेल तर हायब्रिड, अशी ढोबळ विभागणी करता येते.

मग पिशवीत काय असावे?

नवा क्लब घेण्यापूर्वी सरावाच्या मैदानावर तीन आणि पाच नंबरने प्रत्येकी दहा चेंडू खुंटीशिवाय, गवतावरून मारून पाहावेत. चटईवर ही परीक्षा फसवी ठरते. चटईवर चेंडूच्या मागे लागलेला क्लब घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते. मोजणी करताना दहापैकी सर्वात लांब गेलेला चेंडू विसरून, सरासरी किती गेले आणि किती वाया गेले, एवढेच पाहायचे. पाच नंबरचे वाया गेलेले चेंडू कमी आणि हवेतले अंतर जवळपास सारखे असेल, तर निर्णय झालाच. १४ क्लबांच्या मर्यादेत पाच आणि सात नंबरची जोडी बसवायला तीन नंबर काढावा लागला, तरी नुकसान नाही.

तीन नंबर आधीच घेतला असेल तर तो विकण्याची घाई नको. अरुंद होलवर ड्रायव्हरऐवजी खुंटीवरून आणि उन्हाळ्यात टणक जमिनीवरून तो उपयोगी पडतो. जून ते सप्टेंबर मात्र त्याने घरीच राहावे.