राजाच्या उच्चाराची लिपी

इंग्रजी जशी बोलतात तशीच लिहायची ठरवली, तर कोणाची इंग्रजी लिहायची? नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५०मध्ये वारले. नव्या इंग्रजी लिपीसाठी त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली होती. अक्षरे किमान ४० हवीत आणि उच्चार राजे पाचवे जॉर्ज यांच्यासारखा, असे त्यांचे म्हणणे होते. स्पर्धा झाली, किंग्स्ली रीड यांनी ४८ अक्षरांची लिपी सिद्ध केली आणि १९६२मध्ये शॉ यांचे ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ हे नाटक त्या लिपीत छापले गेले.

पण ‘कार’ हा शब्दच घ्या. लंडनचा माणूस शेवटचा र गिळून ‘काऽ’ म्हणतो, अमेरिकेत र ठसठशीत ऐकू येतो. ‘कॉट’ म्हणजे खाट आणि ‘कॉट’ म्हणजे पकडलेला, हे दोन शब्द लंडनमध्ये वेगळ्या स्वरांनी ओळखू येतात. कॅनडात आणि कॅलिफोर्नियात बहुतेकांच्या तोंडी ते अगदी सारखेच. रीड यांच्या लिपीत या स्वरांना दोन अक्षरे आहेत, म्हणजे कॅनडातल्या मुलाला पुन्हा स्पेलिंग पाठ करणे आलेच!

आपल्या ‘चहा’ आणि ‘चाक’मधला च वेगळा आहे, तरी अक्षर एकच, आणि मराठी माणसाचे वाचन कुठे अडत नाही. रीड यांनीही ‘कार’सारख्या शब्दांतला, राजाच्या तोंडी नसलेला र लिपीत कायम ठेवला. शॉ यांच्या अटीपेक्षा मला हा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो.