प्रवरपूर नेमके कुठे होते?

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालो की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर मनसर लागते. तिथून उजवीकडे वळले की रामटेक, आणि रामटेकच्या दक्षिणेला नगरधन. हल्लीच्या वाटसरूला ही गावे म्हणजे गडाच्या दर्शनाला जातानाचे थांबे. पंधराशे वर्षांपूर्वी मात्र याच टापूतून विदर्भाचा कारभार चालत होता.

हा कारभार करणारे वाकाटक राजे दान दिले की ताम्रपट कोरून देत. पत्र्यांना छिद्र पाडून कडीत ओवायचे आणि कडीला राजमुद्रा लावायची. मजकुराच्या सुरुवातीलाच हुकूम कुठून सुटला ते नोंदलेले असते. दुसऱ्या प्रवरसेनाचे आरंभीचे हुकूम नंदिवर्धन या जुन्या राजधानीहून सुटलेले आहेत. त्याच्या अकराव्या राज्यवर्षातल्या बेलोरा ताम्रपटावरही नंदिवर्धनच आहे. अठराव्या वर्षाच्या चम्मक ताम्रपटावर मात्र सुरुवातीलाच येते ‘प्रवरपुरात्’. मराठी कानाला तो ‘प्रवरपुरामध्ये’ असा ऐकू येतो, पण संस्कृतात ही पंचमी आहे: ‘प्रवरपुराहून’. म्हणजे मधल्या सात वर्षांत राजाने स्वतःच्या नावाचे नवे नगर वसवले आणि तिथे बिऱ्हाड हलवले.

नगर शोधणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी जातो. पिढ्यान्‌पिढ्या तो जमिनीच्या सातबाऱ्यासारखा जपला जातो आणि शेवटी कुणाच्या तरी नांगराला लागतो. सापडतो तो गावात, राजधानीत नव्हे. चम्मकचाच ताम्रपट पाहा. मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव, आठ हजार भूमी मोजमापाची जमीन, एक हजार ब्राह्मणांना दिलेली. अचलपूरजवळच्या चम्मक गावात तो मिळाला. ‘चर्मांक’चे ‘चम्मक’ होणे प्राकृताच्या नियमाला धरूनच आहे, त्यामुळे दिलेले गाव झटकन ओळखू आले. देणाऱ्याचे ठिकाण मात्र अडून राहिले.

बायबलमधली गावे हुडकणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक 1838 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये फिरला. गावकऱ्यांच्या तोंडची अरबी नावे तो ऐकत गेला आणि त्यांच्याआड दडलेली हिब्रू नावे शोधत गेला. जेरुसलेमच्या वायव्येला असलेल्या अल-जीब या खेड्यात त्याला बायबलमधले गिबिओन दिसले. नुसत्या ध्वनिसाम्यावर सगळ्यांचे समाधान होईना. 1956 पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा ‘गिबिओन’ असे कोरलेल्या रांजणांच्या कितीतरी मुठी निघाल्या.

आपल्याकडे नंदिवर्धन म्हणजे नगरधन, ही गोष्ट अशीच जुळली. नगरधन हे नाव कानाला जवळचे होतेच. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या ताम्रपटात, म्हणजे राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या 940 सालच्या दानपत्रात, ‘नागपुर-नंदिवर्धन’ असा प्रदेश आला आहे. (आपल्या शहराच्या नावाचा इतका जुना लेखी उल्लेख नागपूरकरांनी एकदा डोळे भरून पाहावा.) पुढे राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी 2015 ते 2018 या काळात नगरधनला उत्खनन केले. त्यात मातीचा एक ठसा मिळाला. त्यावर शंख होता आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचे नाव. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, प्रवरसेनाची आई. पतीच्या मागे मुले लहान असताना राज्य तिनेच चालवले.

प्रवरपुराचे नाव मात्र कुठल्याच गावाने इतके स्पष्ट जपले नाही. वाकाटकांचे कोरीव लेख आयुष्यभर वाचणारे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वर्ध्याजवळच्या पवनारकडे बोट दाखवले. नाव थोडेफार जुळत होते. शिवाय धाम नदीच्या काठी, विनोबांच्या आश्रमाच्या जागेत, खणताना प्राचीन शिल्पे निघाली होती. ती रामकथेतली आणि वाकाटक काळातली, असे मिराशींनी मांडले. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खननही केले. कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकी उत्तर पवनार हेच होते.

मग मनसरची हिडिंबा टेकडी बोलू लागली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांनी तिथे काम सुरू केले, तेव्हा टेकडी समजल्या जाणाऱ्या उंचवट्यातून विटांचे भव्य मंदिर उघडे पडले. जवळच प्रासादासारखी वास्तू निघाली. मातीच्या ठशांवर नाव मिळाले प्रवरेश्वराचे. प्रवरसेनाने स्थापलेला शिव तो प्रवरेश्वर, आणि त्याभोवतीचे नगर प्रवरपूर, अशी मांडणी डच अभ्यासक हान्स बाकर यांनी केली.

यावर एक रास्त शंका येते. ओल्या मातीचा ठसा गाठोड्याला किंवा पत्राच्या दोरीला लावतात, आणि गाठोडे प्रवास करते. ठसा जिथे सापडतो तिथेच तो उमटवला असेल, असे नाही. रांजणाच्या मुठीलाही हीच शंका लागू पडते. पण मंदिराच्या नावाचे ठसे मंदिरातच सापडावेत, शेजारी राजवाड्याच्या तोलाची वास्तू असावी आणि विटा त्याच काळाच्या असाव्यात, म्हणजे पारडे झुकते. माझ्या मते ते मनसरकडे झुकले आहे. देवाचे नाव मिळाले म्हणजे नगराचे मिळालेच असे नाही, ही पवनारच्या बाजूची हरकतही मला खरी वाटते. आणि नंदिवर्धनहून जेमतेम दहा-एक किलोमीटरवर नवी राजधानी कशाला, हाही प्रश्न आहेच.

त्यावर मला ताम्रपटांतलीच दोन ठिकाणे आठवतात. प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षी मुलाचा हुकूम प्रवरपुराहून सुटतो. पुढच्याच वर्षी वृद्ध आईचे, प्रभावतीगुप्ताचे, रिद्धपूर दानपत्र रामगिरीस्वामींच्या पायापासून, म्हणजे रामटेकच्या गडावरून निघते. प्रवरपूर पवनारला असेल, तर मायलेकांत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर होते. ते मनसरला असेल, तर प्रवरेश्वराच्या उंच जोत्यावर उभा राहिलेला राजा पाच-सहा किलोमीटरवरचा आईचा डोंगर रोज पाहत असणार. हिडिंबा टेकडीवर चढून पूर्वेकडे पाहिले की तो आजही समोर दिसतो.