सेलेनाचा स्वभाव आणि सेलेनाचा आजार

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकन गायिका-अभिनेत्री सेलेना गोमेझने ऑस्ट्रेलिया आणि आशियातले आपले गाण्याचे कार्यक्रम रद्द केले. तेव्हा ती २१ वर्षांची होती. थोड्याच दिवसांत ती ॲरिझोनातल्या एका उपचारकेंद्रात राहून आल्याची बातमी फुटली आणि गॉसिपच्या पानांनी निकाल देऊन टाकला: पोरगी व्यसनात बुडाली, प्रियकर, गायक जस्टिन बीबरच्या नादाने वाया गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिने 'बिलबोर्ड' मासिकाला खरं काय ते सांगितलं. तिला ल्युपस झाला होता आणि त्यासाठी केमोथेरपी घ्यावी लागली होती. मधल्या विश्रांतीचं कारण ते होतं.

म्हणजे दोन वर्षं लोक एका आजाराला चारित्र्य समजत होते. तरुण कलाकारांच्या बाबतीत ही चूक इतकी नेहमीची आहे की तिचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे रॅपर हनी सिंगच्या बाबतीत हेच झालं. तो पडद्याआड गेला तेव्हा ड्रग्जमुळे व्यसनमुक्ती केंद्रात असल्याच्या वावड्या उठल्या. २०१६ मध्ये त्याने सांगितलं की आपल्याला बायपोलर आजार आहे आणि आपण तो सगळा काळ नोएडाच्या घरीच होतो.

सेलेनाची गोष्ट मात्र जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे शरीर आणि मन एकमेकांत अडकलेले आहेत. ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. हा आजार प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांच्याप्रमाणेच मेंदूलाही धरू शकतो. चिंता, नैराश्य, क्वचित भ्रम होणं हे त्यात घडू शकतं. त्यावर दिली जाणारी स्टेरॉइड्स जास्त मात्रेत असतील तर तीही झोप आणि मनःस्थिती बिघडवतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तिने 'रिव्हायव्हल' दौरा अर्धवट सोडला तेव्हा निवेदनात हेच लिहिलं होतं: चिंता, पॅनिक अटॅक आणि नैराश्य हे ल्युपसचेच परिणाम असू शकतात. तेव्हा इन्स्टाग्रामवर जगात सर्वाधिक चाहते तिचे होते. 'एवढं सगळं असून हिला दुःख कसलं?' हा प्रश्न त्या वेळी सर्रास विचारला गेला. पुढच्या वर्षी तिचं मूत्रपिंड बदलावं लागलं, ते मैत्रिणीने, अभिनेत्री फ्रान्सिया रायसाने दिलं. यावर मात्र सगळे हळहळले. मूत्रपिंडाला सहानुभूती मिळते, मेंदूला सल्ले मिळतात.

एप्रिल २०२० मध्ये गायिका मायली सायरसबरोबर इन्स्टाग्रामवर गप्पा मारताना तिने बायपोलर आजाराचं निदान पहिल्यांदा जाहीर केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन रुग्णालयात गेल्यावर ते कळलं, असं ती म्हणाली. त्याच बोलण्यात एक आठवण आली. टेक्सासमध्ये लहानपणी तिला ढगांच्या गडगडाटाची फार भीती वाटायची, कारण तिच्या डोक्यात गडगडाट म्हणजे चक्रीवादळ. आईने वादळांविषयीची पुस्तकंच आणून दिली. जितकं समजेल तितकी भीती कमी होईल, हा त्यामागचा विचार. निदानाच्या बाबतीतही तिने तेच केलं. ते ऐकून आपण घाबरलो नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं, असं तिचं म्हणणं. 'नावाचं लेबल लावून माणूस खचतो' ही आपल्याकडची ठाम समजूत. पण बऱ्याच रुग्णांचा अनुभव सेलेनासारखा असतो.

आता बायपोलर या शब्दाकडे. सकाळी खूश, दुपारी चिडलेला, संध्याकाळी पुन्हा हसरा, अशा माणसाला हल्ली कॉलेजच्या कट्ट्यावर सहज 'बायपोलर' म्हणतात. हा लहरी स्वभाव झाला. आजारात उन्माद आणि नैराश्य असे मनाचे टप्पे येतात आणि ते तासांत मोजत नाहीत. उन्मादाचं निदान करायला ती अवस्था साधारण आठवडाभर टिकलेली लागते, सौम्य उन्मादाला किमान चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. उन्मादात झोप दोन-तीन तासांवर येते तरी थकवा जाणवत नाही, बोलण्याला खंड नसतो, पैसे उधळले जातात, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. घरच्यांना सुरुवातीला हे कळतच नाही. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली मुलगी उठून कामाला लागली की वाटतं, चला, एकदाची सावरली.

आजाराची सुरुवात बऱ्याचदा नैराश्याने होते, म्हणूनच निदानाला वर्षं लागतात. डॉक्टरांसमोर येतो तो उदास रुग्ण. उन्मादात कोण दवाखान्यात जाईल? शिवाय नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही रुग्णांमध्ये उन्माद उसळतो. त्यामुळे पूर्वी कधी असा उत्साहाचा काळ येऊन गेला का, घरात कुणाला असं होतं का, हे अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ खोदून खोदून विचारतात. त्या प्रश्नांचा कंटाळा करू नये.

प्रसिद्धीने हा आजार होतो, असंही मानलं जातं. सेलेना दहाव्या वर्षाच्या आसपास 'बार्नी अँड फ्रेंड्स'मध्ये आली, २००७ मध्ये डिस्नेच्या मालिकेची नायिका झाली, तेव्हा 'बालकलाकार, म्हणजे बिघडणारच' हे सूत्र लावायला सोपं जातं. पण जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की या आजारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. किराणा दुकानदाराच्या मुलालाही तो होतो आणि सुरू व्हायचं वय बहुधा तेच, विशीच्या आगेमागे. प्रसिद्धीचा संबंध येतो तो निराळ्या वाटेने. झोपेचं वेळापत्रक मोडणं हे उन्मादाचं एक ओळखीचं निमित्त आहे आणि दौऱ्यावरच्या गायकाचं आयुष्य म्हणजे रात्रीची जागरणं, रोज नवं शहर, बदलती घड्याळं. आपल्याकडे रात्रपाळीत काम करणाऱ्यांनाही हाच धोका असतो, फक्त त्यांच्यावर माहितीपट निघत नाही.

सेलेनावर तो निघाला, नोव्हेंबर २०२२ मध्ये, 'माय माइंड अँड मी'. त्याच सुमारास 'रोलिंग स्टोन'ला दिलेल्या मुलाखतीत तिने २०१८ मधल्या सर्वांत वाईट काळाबद्दल सांगितलं: आवाज ऐकू येत होते, वास्तवाचं भान सुटलं होतं, उपचारकेंद्रात महिने गेले. बाहेर आल्यावर औषधांची मोठी यादी मागे लागली होती आणि आपण हरवून गेल्यासारखं वाटत होतं. नंतर भेटलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यातली बरीच औषधं नकोत असं ठरवलं आणि दोनच ठेवली. हा प्रसंग औषधांना विरोध करणारे लोक आपल्या सोयीने वापरतात. 'बघा, गोळ्यांनीच वाट लागली' म्हणणारे शेवटच्या दोन औषधांकडे डोळेझाक करतात. औषधं चुकू शकतात, जास्त होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणजे ती डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेणं.

औषधांनी प्रतिभा मरते, या समजुतीला तर तिचं कामच उत्तर आहे. 'लूझ यू टू लव्ह मी' हे बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं पहिलं गाणं ऑक्टोबर २०१९ मधलं, म्हणजे त्या पडझडीनंतरचं. 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' ही मालिका २०२१ पासूनची. २०२४ मध्ये 'एमिलिया पेरेझ' या चित्रपटासाठी कान महोत्सवातलं अभिनेत्रीचं पारितोषिक तिला तीन सहकलाकारांबरोबर विभागून मिळालं. उलट उन्मादात कामं खूप सुरू होतात, पण पूर्ण फारशी होत नाहीत.

आता उलटी चूक सुरू झाली आहे. आधी तिच्या आजाराला स्वभाव म्हणत, हल्ली तिच्या प्रत्येक भावनेला आजार म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून स्थलांतरितांना हाकलण्याच्या मोहिमेवर रडत बोलतानाची चित्रफीत तिने टाकली आणि मग काढली. समाजमाध्यमांवर लगेच तिच्या मनःस्थितीची चर्चा. तिच्या वडिलांकडची मंडळी मेक्सिकोतून आलेली आहेत आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या कुटुंबांवरच्या 'लिव्हिंग अनडॉक्युमेंटेड' या २०१९ च्या मालिकेची ती निर्माती होती. तिच्या मताशी खुशाल असहमत व्हा. ते रडणं मात्र लक्षण नव्हतं.

तिच्या बोलण्यात धंदाही आहे, हे खरं. 'रेअर ब्यूटी' या तिच्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीतला एक टक्का मानसिक आरोग्यासाठीच्या निधीला जातो आणि दहा वर्षांत दहा कोटी डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट तिने २०२० मध्ये जाहीर केलं. मला यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. उपचारांसाठी तिच्याकडे जितका पैसा आणि सवड होती तितकी बहुतेकांकडे नसते, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

पण त्यातही एक गैरसमज आहे, की हे श्रीमंतांचे आजार आणि श्रीमंतांचे उपचार. बायपोलरवरचं लिथियम हे १९४९ पासून वापरात असलेलं, स्वस्त औषध आहे. त्यासाठी ठरावीक काळाने रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासावं लागतं, इतकंच. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरण्याचं बंधन घातलं आहे. आपली पॉलिसी बाहेर काढून त्यातलं मानसिक आजारांविषयीचं कलम एकदा वाचून घ्या. सरकारी 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी एवढंच: बरं वाटू लागलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा.