चेरीचा लाल रंग आणि १७२५ अंश

पोलादाला पाणी देणाऱ्या कारागिराचे तापमापक म्हणजे त्याचे डोळे. भट्टीतील तुकडा ‘चेरीसारखा लाल’ झाला की बाहेर काढावा, अधिक तापविल्यास पोलाद नासते, हा इंग्रजीभाषी लोहारांचा परंपरागत नियम होता. पण चेरी कोणती, कच्ची की पिकलेली? फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी १८९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात रंगनामांसमोर फॅरनहाइट अंश मांडले : पूर्ण चेरी १३७५, फिकट चेरी १५५०, फिकट नारिंगी १७२५, पांढरा २२००. एकाच रंगाविषयी दोन निरीक्षकांचे एकमत होत नाही, हेही त्यांना आढळले. कोशकाराने हेवा करावा असा हा तक्ता होय.

बेथलेहेम येथील कारखान्यात याच दोघांना असे दिसले की, क्रोमियम व टंग्स्टन असलेल्या पोलादाचे कातण्याचे हत्यार १५५० ते १७०० अंशांपर्यंत तापविल्यास बिघडते. परंतु १७२५ च्या पलीकडे, वितळबिंदूच्या जवळ नेल्यास ते इतके सुधारते की लेथवर टोक लाल झाले तरी धार टिकते. १९०१ मध्ये त्यांना दोन पेटंटे मिळाली. पुढे बेथलेहेम कंपनीने नाइल्स-बेमेंट-पॉन्ड या कंपनीवर दावा लावला. अशी उष्णता पूर्वीपासूनच वापरात होती, असा प्रतिवाद झाला आणि १९०९ मध्ये न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाने पेटंटे अवैध ठरविली.

‘पांढरे होईतो तापव’ आणि ‘१७२५ च्या पुढे तापव’ ही विधाने एकच कृती सांगत असतील, तर अंश हे जुन्या कृतीचे केवळ नवे नाव ठरते. तथापि, सर्वत्र शिकविला जाणारा नियम जिकडे जाऊ नको म्हणतो, तिकडेच जाणे सामान्य कारागिराला उघड वाटले असते काय? ‘उघडपणा’ची कसोटी अमेरिकी कायद्यात शब्दशः आली ती १९५२ मध्ये, आणि १९६६ च्या अॅडम्स बॅटरी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, जाणकारास परावृत्त करणाऱ्या प्रचलित समजुती विचारात घ्याव्यात, असे म्हटले. त्या दृष्टीने १९०९ चा निर्णय थोडा कठोर वाटतो.

लोहारांचा नियमही खोटा नव्हताच. साध्या कार्बनी पोलादाविषयी तो खराच होता. मिश्र पोलादालाही ‘पोलाद’च म्हणत, म्हणून नावाबरोबर नियमही त्याला लागू झाला.